बेघरांसाठी पन्नास हजार द्यायचेत: ८०जी मुळे किती वाचतील आणि पैसा कुठे लागेल?

प्रश्न भुसावळचा आहे. विचारणारे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वय पासष्टच्या पुढे. पत्नीचं पहिलं वर्षश्राद्ध एप्रिलमध्ये येतंय. गावजेवण न घालता पन्नास हजार रुपये स्टेशनच्या आसपास उघड्यावर झोपणाऱ्या लोकांसाठी द्यावेत, असं त्यांच्या मनात आहे. त्यांच्या भाच्याची जळगावला दालमिलची भागीदारी फर्म आहे. त्याने सांगितलं की ८०जी ची (दानावर करवजावट देणाऱ्या आयकर कलमाची) पावती घेतली तर निम्मे पैसे परत मिळतात, फक्त रिटर्न जुन्या करपद्धतीने भरावं लागेल, कारण नव्या पद्धतीत दानाची वजावट नाही, नाहीतर दान फर्ममधून दाखवता येईल. तेव्हा जुनी पद्धत घ्यावी का, ब्लँकेटं वाटावीत की एखाद्या संस्थेला द्यावेत, आणि संस्था खरी आहे हे कसं ओळखावं, असं त्यांनी विचारलंय.

नाना, आधी कराचं संपवतो, कारण गैरसमज तिथेच आहे. तुमच्या उत्पन्नावर ८०जी चा फायदा शून्य आहे. ऐकून वाईट वाटेल, पण त्याचा एक चांगला अर्थ असा की पावतीच्या अटींत न अडकता हा पैसा जिथे खरंच कामाला येईल तिथे लावायला तुम्ही मोकळे आहात. बहुतेक पेन्शनरांची आणि नोकरदारांची आज हीच स्थिती आहे, फक्त त्यांना कोणी हिशेब मांडून दाखवत नाही.

तो हिशेब मांडू. तुमची पेन्शन वर्षाला ७ लाख २० हजार आणि ठेवींचं व्याज १ लाख ८० हजार धरू, म्हणजे एकूण ९ लाख. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे दर घेऊ. नव्या पद्धतीत पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८ लाख २५ हजार उरतात. १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण रिबेट, म्हणजे करमाफी आहे, म्हणून कर शून्य. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावट आणि ८०सी मध्ये (विमा, पीपीएफसारख्या बचतीची वजावट) समजा ५० हजार, असं सगळं वजा केलं तरी साडेसात लाख उरतात. त्यावर सेससह (करावरच्या उपकरासह) कर येतो ६२,४०० रुपये. आता पन्नास हजारांचं दान धरा. साध्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या दानाची निम्मी रक्कम, म्हणजे २५ हजार, उत्पन्नातून वजा होते. कर होतो ५७,२०० रुपये. वाचले ५,२०० रुपये. आणि हे ५,२०० वाचवण्यासाठी तुम्ही ५७,२०० रुपये भरायचे, जे नव्या पद्धतीत एक रुपयाही भरावे लागत नाहीत. म्हणून दानासाठी जुनी पद्धत घेऊ नका.

'निम्मे परत मिळतात' हे वाक्य मार्च महिन्यात बाजारपेठेत कायम कानावर येतं. परत काहीच मिळत नाही. निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि तुम्ही ज्या टप्प्यात असाल त्या दराने तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. सर्वात वरच्या, ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचेही शंभर रुपयांमागे साडेपंधरा रुपयांच्या आसपास वाचतात. वर आणखी एक मर्यादा असते. इतर वजावटी काढून जे उत्पन्न उरतं त्याच्या १० टक्क्यांपर्यंतचंच दान हिशेबात धरलं जातं. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ७५ हजार येते, म्हणजे अडचण नव्हती. पण वर्षाला चार लाख कमावणारा माणूस एखाद्या वर्षी भावनेच्या भरात एक लाख देतो आणि पूर्ण लाखाची वजावट मागतो, तेव्हा त्याला हे सांगावं लागतं. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेल्या रकमेची वजावट शंभर टक्के आणि बिनमर्यादा असते, पण तीही जुन्याच पद्धतीत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, त्यामुळे तुमच्या एप्रिलमधल्या दानाच्या कागदांवर '८०जी' ऐवजी दुसरा आकडा दिसला तर घाबरू नका. नव्या पद्धतीत दानाची वजावट नाही, रोखीने दिलेल्या दानाची मर्यादा दोन हजार, वस्तुरूप दानाला वजावट नाही, हा सगळा गाभा तसाच राहिलाय.

मग ८०जी चा विचार करावा कोणी? ज्यांना घरकर्जाचं व्याज, घरभाडं भत्ता वगैरे मोठ्या वजावटींमुळे जुनी पद्धतच परवडते अशा जास्त उत्पन्नाच्या लोकांनी. आणि फर्मनी. तुमच्या भाच्याचं इथे अर्धं बरोबर आहे. नवी-जुनी पद्धत हा मामला व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासारख्यांचा. भागीदारी फर्मला सरळ ३० टक्के दर लागतो आणि फर्मला ८०जी ची वजावट मिळते. फर्मने एक लाख रुपये मान्यताप्राप्त संस्थेला दिले तर सेस धरून १५,६०० रुपये कर वाचतो. जळगावच्या कितीतरी दालमिल, सराफी पेढ्या, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या वखारी भागीदारीत चालतात. त्यांचे मालक स्वतःच्या खात्यातून दान देतात आणि वजावट गमावतात. फर्मच्या बँक खात्यातून, फर्मच्या पॅनवर पावती घेऊन द्या, एवढं सांगणारं कोणी भेटत नाही. मात्र दान हा धंद्याचा खर्च होत नाही. नफा-तोट्यात खर्ची टाकलं असेल तर उत्पन्न काढताना ते पुन्हा नफ्यात जमा धरून मग ८०जी खाली वजावट मागायची, आणि इतर भागीदारांची संमती घ्यायची, कारण तो पैसा सगळ्यांचा आहे.

पण नाना, तुमचे पन्नास हजार भाच्याला रोख द्यायचे आणि त्याने फर्ममधून दान दाखवायचं, हे करू नका. तो पैसा फर्मचा नाही, दान फर्मचं नाही, आणि काकूंच्या नावाने करायच्या कामात खोटी नोंद कशाला? भाच्याला खरंच वाटत असेल तर त्याने फर्मच्या कमाईतून स्वतःची वेगळी रक्कम घालावी. तुमच्या पन्नासात त्याचे पंचवीस मिळाले तर कामही मोठं होईल आणि त्याला कायदेशीर वजावटही मिळेल.

आता ज्या लोकांसाठी हे सगळं चाललंय त्यांच्याकडे येऊ.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार लोक बेघर नोंदले गेले. रस्त्याकडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओट्यावर, रेल्वेच्या फलाटावर राहणारी माणसं त्या मोजणीत येतात. ती मोजणी एका रात्रीची असते, आणि त्या रात्री जो गाडीत होता किंवा पोलिसांच्या भीतीने सरकला होता तो सुटतो. म्हणून तुमच्या गावात किती आहेत हे स्वतः दोन रात्री फिरून बघणं सगळ्यात चांगलं. तुम्ही रेल्वेत आयुष्य काढलंय, तुम्हाला स्टेशनची कानाकोपऱ्याची माहिती आहे. माझ्यासारख्याला जे कळायला महिने लागतील ते तुम्हाला एका फेरीत दिसेल.

भुसावळचं वेगळेपण जंक्शनचं आहे. मुंबईहून येणारी लाईन इथे इटारसीकडे आणि नागपूरकडे फुटते, सुरतेची लाईन जळगावला येऊन मिळते. घरातून निघून गेलेला, वाट चुकलेला, तिकीट नसल्याने उतरवलेला माणूस उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा कुठूनही येऊन इथे थांबतो. त्याला मराठी येत नाही, आपल्याला त्याची भाषा येत नाही, म्हणून आपण त्याला वेडा ठरवून मोकळे होतो. काहींना खरोखर मानसिक आजार असतो. काही म्हातारी माणसं मुलांनीच गाडीत बसवून दिलेली असतात. काही जण हमाली, हॉटेलातली भांडी, लग्नाच्या मंडपाचं काम करून रात्री फक्त झोपायला फलाटाबाहेर येतात. त्यांना जेवण नको असतं, त्यांना सामान ठेवायला सुरक्षित जागा हवी असते. आणि हंगामात सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून उतरलेली पावरा-भिल्ल कुटुंबं असतात. गुजरातेत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना-येताना नंदुरबार, धुळ्याच्या स्टँडवर लेकराबाळांसह रात्र काढतात. गावाकडे त्यांचं घर असतं, पण वर्षाचे कितीतरी महिने ते बेघरच असतात. त्यांना दानापेक्षा माहितीची गरज जास्त. एका रेशनकार्डावर देशात कुठेही अंगठा लावून धान्य मिळतं, कार्ड गावाकडे घरातल्या म्हाताऱ्यांपाशी असलं तरी त्यांचा वाटा त्यांना आणि यांचा वाटा यांना उचलता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

इतक्या निरनिराळ्या माणसांना आपण सरसकट एकच वस्तू देतो, ती म्हणजे ब्लँकेट. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा ब्लँकेट लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण थंडीची बातमी छापून आली की त्याच आठवड्यात चार मंडळं, दोन पतसंस्था आणि एखादा वाढदिवसवाला, सगळे एकाच फलाटावर पोचतात. ज्याला मिळालं त्याला तीन मिळतात. ठेवायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, पावसाळ्यात भिजलं की टाकून द्यावं लागतं, पुढच्या थंडीला पुन्हा हात रिकामे. एप्रिलमध्ये तर भुसावळला ब्लँकेट वाटण्यात काही अर्थच नाही.

आपल्याकडे उन्हाचा त्रास मोठा. पारा ४५ च्या वर जातो, फुटपाथ रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, आणि दुकानांच्या शटरपुढे झोपणाऱ्याला दिवसा कुठे उभंही राहू देत नाहीत. अनवाणी पायांना फोड येतात, फोडांच्या जखमा होतात, मधुमेह असला तर तोच पाय कापायची वेळ येते. चपला, सुती चादर, डोक्याला पंचा, जलसंजीवनीची पाकिटं, सावलीला हिरवी जाळी आणि पिण्याचं थंड पाणी: हे एप्रिल-मेचं दान. काकूंचं वर्षश्राद्ध आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागेच येतंय. खानदेशात आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत स्टेशनबाहेर रोज भरली जाणारी पाणपोई काकूंच्या नावाने चालली, तर याहून रीतीला धरून काय असेल? मात्र ती रोज भरणारा, धुणारा, माठ फुटला तर बदलणारा माणूस पगारावर ठेवा. पाणपोईचं उद्घाटन होतं आणि पंधराव्या दिवशी ती कोरडी पडते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पगाराचं मी मुद्दाम बोलतोय, कारण माझ्या मते बेघरांच्या कामात सगळ्यात मोठी उणीव वस्तूंची नाही, माणसाची आहे. फलाटावरचा म्हातारा तापाने फणफणला. त्याला दवाखान्यात नेलं तर पहिला प्रश्न येतो, 'सोबत कोण आहे?' केसपेपर काढायला, तपासणीच्या रांगेत उभं राहायला, औषध आणायला, रात्री खाटेजवळ बसायला कोणी नसतं, म्हणून तो दोन दिवसांत उठून परत फलाटावर येतो. क्षयरोग निघाला तर औषध मोफत असतं, पण ते निदान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं, आणि आहाराचे पैसे बँक खात्यात येतात. ज्याला खातं नाही, पत्ता नाही, त्याच्यापर्यंत ते पोचत नाहीत. अशा वेळी आधार काढून देणारा, बँकेत घेऊन जाणारा, गोळ्या घेतल्या का विचारणारा एक कार्यकर्ता पाच-सहा जणांचा जीव वाचवतो. पण देणगीदार पगाराला पैसे देत नाहीत. 'आमचा पैसा थेट गरिबाच्या हातात गेला पाहिजे' असं म्हणतात. भावना शुद्ध आहे, तरी विनंती आहे की संस्थेशी बोलाल तेव्हा 'कार्यकर्त्याच्या मानधनासाठी वापरा' असं आपणहून सांगा. संस्थाचालक ते स्वतः मागू शकत नाही, त्याला लाज वाटते.

स्वच्छतेचंही असंच. स्टँडवरच्या, स्टेशनवरच्या शौचालय-स्नानगृहाला पैसे पडतात. रोजचे ते पैसे नाहीत म्हणून माणूस अंघोळ करत नाही, अंघोळ नाही म्हणून कोणी कामाला ठेवत नाही. चालवणाऱ्या ठेकेदाराशी बोलून महिन्याची कुपनं आगाऊ विकत घेता येतात. बायकांसाठी तर हे जेवणाइतकं निकडीचं आहे. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बाईला बंद दाराचं स्नानगृह मिळणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

मानसिक आजार असलेला माणूस दिसला तर त्याला खाऊ घालून पुढे जाऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. त्याच्या घरच्यांचा शोध घेणंही त्यात येतं. ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या, कलमाचा आकडा लिहा, पोच घ्या. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने अशा हजारो रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोचवलं, त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध चालू झाल्यावर माणूस स्वतःच आपल्या गावाचं नाव सांगतो, आणि वर्षानुवर्षं हरवलेला मुलगा घरी पोचतो. एखाद्याच्या उपचाराचा आणि त्याला सोबत घेऊन घरी सोडून येण्याचा प्रवासखर्च उचलणं, हे पन्नास हजारांतलं अतिशय मोलाचं दान आहे. एकटं मूल दिसलं तर १०९८ वर फोन किंवा सरळ रेल्वे सुरक्षा दलाकडे. ज्येष्ठांसाठी १४५६७.

यात सरकारचं काय, हेही विचारायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेघरांच्या निवाऱ्याबद्दल राज्यांना आदेश दिले. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निकष ठरला: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, वर्षभर, चोवीस तास उघडा. २०११ च्या मोजणीत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचार लाख, भुसावळ पावणेदोन लाखांवर होतं. त्या हिशेबाने जळगावला किमान चार, धुळ्याला तीन आणि भुसावळला एक तरी निवारा हवाच. तुमच्या नगरपरिषदेत जाऊन विचारा: निवारा कुठे आहे, कोण चालवतं, काल रात्री किती लोक झोपले, बायकांची सोय वेगळी आहे का. हजेरीवही मागा. निवारा असून लोक फलाटावर झोपत असतील तर कारण शोधा. बहुतेकदा तो कामाच्या जागेपासून लांब असतो, नवरा-बायकोला एकत्र राहू देत नाहीत किंवा कागद मागतात. अशी कारणं दूर करायला पैशापेक्षा तुमच्यासारख्या निवृत्त माणसाचा वेळ आणि अर्ज लिहिण्याची सवय उपयोगी पडते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नगरपरिषदेला किंवा महापालिकेला धर्मादाय कामासाठी दिलेल्या दानालाही, त्याच १० टक्क्यांच्या मर्यादेत, निम्मी वजावट मिळते. तुमच्या भाच्याच्या फर्मला हा रस्ता आहे. पण पत्रात 'बेघर निवाऱ्यासाठी पलंग, पंखे, पाण्याची टाकी' असं स्पष्ट लिहून द्या आणि स्वीकारल्याचं लेखी पत्र घ्या. नाहीतर रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मिसळते.

संस्था तपासण्याचं आता थोडक्यात सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का ते पाहा, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. आयकर खात्याची दोन वेगळी मान्यतापत्रं असतात. एक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट देणारं, १२एबी चं, आणि दुसरं देणगीदाराला वजावट देणारं, ८०जी चं. पहिलं दाखवून दुसऱ्याचा भास निर्माण करणारे असतात. २०२१ नंतर या मान्यता मुदतीच्या झाल्या आहेत, तेव्हा 'आमच्याकडे १९९५ पासून ८०जी आहे' असं कोणी म्हणालं तर आजच्या तारखेला चालू असलेलं पत्र मागा. पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर पूर्ण रकमेची वजावट जाते, पहिल्या दोन हजारांचीही. संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण खात्याकडे भरायचं असतं आणि त्यानंतर देणगीदाराला प्रमाणपत्र द्यायचं असतं, ज्याला जुन्या कायद्यात फॉर्म १०बीई म्हणतात. साध्या पावतीवर वजावट मिळत नाही. प्रमाणपत्रावरचा संदर्भ क्रमांक रिटर्नमध्ये लिहावा लागतो. म्हणून पॅन देताना अक्षर न् अक्षर तपासून द्या, एक अक्षर चुकलं की दान दुसऱ्याच्या नावावर जातं.

कागद पुरे असूनही काम नसलेल्या संस्था असतात, आणि कागद अपुरे असूनही जीव ओतून काम करणारी मंडळं असतात. तुम्हाला वजावट मिळणारच नाही, त्यामुळे तुम्ही दुसऱ्यांनाही देऊ शकता. फक्त रात्री दहानंतर त्यांच्यासोबत एक फेरी मारा. कार्यकर्त्याला झोपलेल्या माणसांची नावं माहीत आहेत का, एवढं बघा. नाव घेऊन हाक मारतो आणि समोरचा उठून बसतो, तिथे पैसे द्यायला हरकत नाही. फोटो काढून मगच अन्न हातात देणाऱ्यांना देऊ नका. ऑडिट रिपोर्ट मागायला संकोच करू नका, चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

भाच्याला एक निरोप माझ्याकडून द्या. मार्चअखेर काही माणसं फिरतात: एक लाखाची पावती घ्या, पाच-दहा हजार ठेवून बाकीचे रोख परत देतो. हे दान नाही, ही करचोरी आहे, आणि तीही बेघरांच्या, अनाथांच्या नावाने. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोठी तपासणी मोहीम काढली, दीडशे ठिकाणी छापे पडले. सापडलं तर कर आणि व्याजाशिवाय चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. ज्यांनी आधी असं केलंय त्यांना सुधारित माहितीचं अद्ययावत रिटर्न भरून, जादा कर देऊन, स्वतःहून बाहेर पडता येतं. नोटीस यायच्या आत भरलेलं बरं.

तुमचा मुलगा परदेशात असेल आणि त्याला यात पैसे घालायचे असतील तर पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र परकीय देणगीची परवानगी असलेल्या संस्थेलाच देता येईल.

पन्नास हजारांचं मी कसं करीन, तेही सांगतो. पंधरा हजार पाणपोईला आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला, आखाजीपासून जूनच्या पावसापर्यंत. दहा हजार चपला, सुती चादरी आणि स्नानगृहाच्या कुपनांना, एकदम न वाटता दर आठवड्याला थोडं थोडं. पंधरा हजार बाजूला ठेवून, दवाखान्यात नेलेल्या माणसाच्या सोबतीला आणि घरी परतणाऱ्याच्या तिकिटाला. उरलेले दहा हजार डिसेंबरपर्यंत हात न लावता ठेवा आणि थंडीची पहिली लाट ओसरल्यावर, जेव्हा वाटणारे सगळे घरी गेलेले असतात, तेव्हा ज्यांना खरंच मिळालेलं नाही अशांना ब्लँकेट द्या. फलाटावर काही वाटायचं असेल तर स्टेशन व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्या, तुम्हाला ते अवघड नाही. हे सगळं एखाद्या मंडळामार्फत केलं तर त्यांच्याकडून महिन्याला साध्या वहीत लिहिलेला हिशेब घ्या. भाच्याच्या फर्मची रक्कम मात्र यात मिसळू नका. ती वेगळ्या चेकने, मान्यता असलेल्या संस्थेलाच जाऊ द्या आणि ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या जूनमध्ये प्रमाणपत्र आलं का याची त्याला आठवण करा.